दाताखालची रेती

—नाही नाही, कॅमेरा गेटवर नको, गेटमधून फक्त आमचे हे येतात, आणि त्यांना बघून बघून माझे डोळे आधीच थकलेत. चोर मागून येतो, त्या भिंतीतल्या दारातून. शिडी इकडे आणा. सांभाळून हो, पाय ड्रममध्ये जाईल — जुन्या वॉशिंग मशीनचा आहे, आता त्यात चिनी कोबी लावलाय. मशीनमध्ये होता तेव्हा ह्या ड्रमनं कधी असं मन लावून काम केलं नाही. हं, तिथे, पाइपच्या वर. तिथून सगळा वाफा दिसेल ना?

काय चोरीला जातं म्हणजे? पाला! फोनवर सांगितलं नाही का मी? हसा, हसा. हेही असेच हसले, म्हणाले, पाल्यासाठी कॅमेरा लावणारी तू पहिलीच बाई असशील. म्हटलं असू दे, कशात तरी पहिली आले. ही बघा पाक चोय — जाडजूड पांढरे देठ, बसका बांधा, थेट आमच्या नणंदबाई. हा लाल माठ. आणि ही कातरल्यासारख्या पानांची जपानी मोहरी, एक पान चावलंत तर नाकातून वाफ निघेल. सकाळी येऊन बघावं तर पानं गायब. रोज नाही हं, मध्ये मध्ये. पण गंमत ऐका — उपटून नेत नाही मेला चोर. बाहेरची पानं तेवढी कापतो, गाभा तसाच ठेवतो, म्हणजे पुन्हा फुटावं. वर गोगलगायी वेचून त्या डब्यात भरतो आणि झाकण लावतो. मागे ऊन तापलं तेव्हा पाक चोय फुलावर जायला लागली — एकदा फुलावर गेली की पानं कडूजहर, फेकूनच द्यायची — मी आपली बहिणीकडे लग्नाला, ह्यांना तर फूल आणि पान सारखंच, येऊन बघते तर सगळे तुरे खुडलेले, वाफा भिजवलेला. आता असा चोर पगार देऊनसुद्धा मिळेल का? — तुम्ही हात का थांबवलात? स्क्रू पिळा ना.

कोण असेल म्हणून मला काय विचारता! माहीत असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का? …बरं, माहीत आहे. हा काप बघा. उजव्या हातानं कापलं तर इकडे कलतो, हा उलटा कललाय. डावखुरा हात. आणि आमच्या ओळखीत डावखुरं माणूस एकच, ते भिंतीपलीकडे राहतं. माझी धाकटी जाऊ.

पूर्वी सगळं एकच घर होतं हो. वाटणी झाली, मध्ये भिंत आली, ऊन सगळं आमच्या वाट्याला आलं. तिच्याकडे शेवाळ सोडून काही उगवत नाही. आणि बाग कोणी लावलेली? तिनंच! बिया तिनं आणल्या, माती तिनं कालवली, मला तर कोथिंबीर आणि गवत ह्यांतला फरक कळत नव्हता. भिंत झाली तरी दार उघडंच असायचं, यायची, मला चार शब्द सुनवायची, भाजी न्यायची. मग मी एकदा सगळ्यांना जेवायला बोलावलं, माझ्या हातची पहिली पाक चोय, आणि ही बया भरल्या पंगतीत घास थांबवून म्हणते, 'वहिनी, दाताखाली रेती आली.' व्याही होते हो समोर! म्हटलं, रेती भाजीत नाही, तुझ्या जिभेत आहे. ती उठली, हात धुतला, गेली. तेव्हापासून बोलणं बंद. दोघं भाऊ भिंतीवरून गप्पा मारतात, हसतात, आणि आम्ही दोघी तोंडं फुगवून.

पहाटे उठून पकडायचं ना — वा, काय अक्कल! पकडलं की बोलावं लागेल ना मग! दाराची कडी मीच काढून ठेवते, नाहीतर ती काय भिंत चढून येणारे ह्या वयात? माठ आम्ही दोघंही खात नाही, तिला आवडतो म्हणून… म्हणून म्हणजे, बी उरलं होतं, टाकलं.

कॅमेरा कशाला तर मग? रविवारी ट्रक येतोय. भाऊजींनी घर विकलं, लेकाकडे चाललेत, लांब. हे मला तिनं नाही सांगितलं, ह्यांनी सांगितलं, तेही दाढी करता करता. जाऊ दे जायचं तर. मला फक्त एकदा तिला बघायचंय. वाफ्यात बसलेली. मोबाइलमध्ये राहतं ना ते, नंतरही बघता येतं?

काय? अंधारात लाल दिवा लागतो? आणि तो तिला दिसेल? मग ती कशाला येईल हो? आणि उरलेत किती दिवस! काढा. काढा म्हणते ना, तुमची फेरीची मजुरी देते, पण ते यंत्र उतरवा.

थांबा, एक काम करा. हे पान घ्या. देठासकट खा, बुडापासून. तीन पाण्यांनी धुतलंय, मीच धुतलंय सकाळी. परक्या माणसानं सांगावं एकदाच काय ते. चावा नीट. लागते का रेती? नाही ना? …तोंड असं का केलंत? खरं सांगा. लागली? बघू — आणा इकडे ते —

…अगं बाई. कचकचतंय की.

म्हणजे बुडाशी राहते होय ही! देठ सुटे करून धुवायला हवेत! आणि ती भरल्या पंगतीत… अहो, हसताय काय, उतरा खाली! शिडी उचला, त्या दारासमोरून उचला आधी, मला पलीकडे जायचंय. नाही, भांडायलाच चाललेय. इतके दिवस माझी भाजी नेते आणि रेती लागते म्हणून एकदा सांगायला येत नाही म्हणजे काय! निघा तुम्ही. जा म्हणते ना.