मोठ्या भावाचा गुरुवार

अन् मी थेंबही पीत नाही, राजेहो! थेंबही नाही! तरी त्या खोलीतल्या सगळ्यायनं माह्यासाठी टाळ्या वाजवल्या. कावून? तं म्हने, "नया भाई आया है, हिम्मत करके आया है!" अरे, मी हिम्मत करून आलो होतो तुमाले हानाले! खिशात सायकलची चेन घेऊन!

थांबा, उलटंच सांगून राहिलो. माहा भाऊ गेला. प्रेमानंद, माह्याहून मोठा. लिव्हरनं गेला, अन् लिव्हर कशानं गेलं हे आमच्या कॅम्प मोहल्ल्यातल्या पोट्ट्यापोट्ट्याले मालूम. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. समोर बुद्धाचा फोटो, बाबासाहेबाचा फोटो, बाजूले त्याचा... हासत होता त्यात, लेकाचा... पंचशील सुरू झालं. चार शीलं झाली धडाक्यात. पाचवं आलं, दारूपासून दूर राहाचं ते, अन् सगळ्यायचा आवाजच बसला! काका छताकडे पाहे, मावशी पदराकडे. त्याच्या फोटोसमोर ते म्हनाचं कसं? तेवढ्यात मांगून पाच-सहा आवाज आले, असे खनखनीत का मांडव हालला! वळून पाहतो तं एकही ओळखीचा नाही. एक सरदारजी, एक केरळी अंकल, एक नंदिनी नगरच्या खानीतला वाळकट मानूस... पाली म्हनून राहिले, तेही चुकीची, पन जोरात! मी म्हनलं, हे माह्या भावाची मस्करी करून राहिले. मेलेल्या मानसाची!

बाहेर सरदारजीची कॉलर धरली. "कोन तुमी? त्याले कुठून ओळखता?"

तो शांतपने म्हने, "पुत्तर, हम लोग नाम नहीं बताते. गुरुवार शाम को सेक्टर दस आ जा, स्कूल के पीछे वाला कमरा. वहीं बात करेंगे."

आता तुमीच सांगा, असं कोनी बोललं तं मानसानं काय समजाचं? चेन घ्याचीच ना!

गेलो. दार लाथेनं उघडलं... अन् टाळ्या! हातात चहा! मी वरडलो, "मी पीत नाही!" सगळे असे हासले, असे हासले... केरळी अंकल म्हने, "पहला दिन हम भी यही बोला था."

"अंकल, खरंच नाही पीत!"

"दूसरा दिन भी यही बोला था."

आता याले काय करता? खिशातली चेन खाली पडली, ते सरदारजीनं उचलली. "वाह! गेट का ताला टूटा पड़ा है, अच्छा हुआ तू ले आया." झालं! गेली माही चेन गेटाले! अन् मी थेंबही पीत नाही!

मंग तो खानीतला मानूस उभा राहिला. म्हने, इथं दारू सोडाले येनाऱ्यायत एक भाई होता आपला. चहा तोच बनवे, अद्रक ठेचून. मले आनाले सायकलनं नंदिनी नगरले ये. मी दार नाही उघडलं तं अंगनात घंटी वाजवे. वाजवतच राहे. माही बायको म्हने, जा न गा, पूरा मोहल्ला पाहून राहिला! पोट फुगलेलं त्याचं, पाय सुजलेले, तरी ये. मांगच्या चौदा एप्रिलपासून जाईस्तोवर एक थेंब नाही घेतला त्यानं...

चहा माह्या हातातच राहिला. राजेहो, आमी घरात म्हनो का गुरुवारी हा अड्ड्यावर जाते! अन् हा मरता मानूस, दुसऱ्याले वाचवाले सायकल मारून राहिला! माहा भाऊ! मी ढसाढसा रडलो. तं पुन्हा टाळ्या! "रोने दो, नया है!"

खानीतला माह्याकडे पाहून म्हने, "अब घंटी कौन बजाएगा?" सगळे माह्याकडेच पाहाले लागले. लिव्हर साबूत असलेला तिथं मी एकटाच दिसलो असन.

घरी आलो तं अंगनातूनच वरडलो, "माहा भाऊ पिऊन नाही मेला! सोडली होती त्यानं!"

काका म्हने, "कोनं सांगितलं?"

"नाव नाही सांगता येत."

"मानसं कोन हायेत?"

आता काय सांगू? "...दारुडे."

काका हासले. मले असा राग आला, का चेन असती तं... पन आई, आमची भीमाबाई, भाजी निवडता निवडता म्हने, "मले मालूम होतं. गुरुवारी त्याच्या तोंडाले अद्रकचा वास ये."

"मंग बोलली कावून नाही, माय?"

"मांगं दरवेळी त्यानं सोडली का मी मोहल्लाभर पेढे वाटो. अन् दरवेळी जरासा घसरला का त्या पेढ्यायच्या लाजेनं पोरगा परत बसे पियाले. यावेळी म्हनलं, चूप राहू. तो चूप, मी चूप. जितला ना माहा पोरगा? मले पुरे."

काकाचं हासनं बंद. मी तं असा फुगलो गर्वानं, का कुडत्याचं बटन तुटलं!

आता दर गुरुवारी जातो. नंदिनी नगरले घंटी वाजवतो, त्याले डबल सीट बसवून आनतो, अद्रक ठेचतो, चहा पाजतो. अन् बाहेरचं कोनी इचारलं तं? चूप! तिथल्या मानसायची नावं नाही सांगाची, कुठं जातो ते नाही सांगाचं.

काल शेजारच्या सत्यभामा मावशीनं रस्त्यातच अडवलं. "कावून रे सुगत, दर गुरुवारी सायकल घेऊन निघतं? प्रेमानंदसारखा तूही लागला का लाईनीले?"

आता काय सांगता तिले? अन् मी थेंबही पीत नाही!

म्हनलं, "हाव मावशी. मोठ्या भावाची गादी हाय, चालवाच लागते!"