शिळं मलम

औषधाच्या दुकानात माझ्यापुढच्या बाईंनी मलमाची डबी काउंटरवर आपटली.

"तुमच्या मलमात काही दम नाही. अ‍ॅलर्जी जशीच्या तशी आहे. खाजवून खाजवून पोरीने हात सोलून काढलेत."

"ताई, हे पिवळं पडलंय. फ्रिजमध्ये ठेवलं होतं ना?"

"फ्रिजमध्येच!"

"आम्ही हे इथे घोटून देतो, कंपनीच्या ट्यूबसारखं वर्षभर टिकत नाही. महिन्याने टाकून द्या, असं डबीवरच लिहिलंय."

"अर्धी डबी टाकू? आमच्याकडे आधी जुनं संपवतात, मग नवं उघडतात."

"अहो, परवाच ताजं घोटून दिलं ना तुम्हाला?"

"आहे की. हे संपलं की तेच काढणार."

"म्हणजे ताजं आधी शिळं करायचं आणि मग लावायचं! कसा गुण येणार, ताई?"

"ओरडू नका हो. आजपासून पोरीला ताजंच लावते. ती डबी द्या इकडे."

"राहू द्या, मीच टाकतो."

"टाकता कशाला? मी लावीन."

"तुम्हाला कुठे अ‍ॅलर्जी आहे?"

"नाही. पण घरातलं शिळं नेहमी मीच संपवते."