थंड डब्यातून गेलेलं रक्त

चिमी : ती इस्त्री आधी ठेव खाली, दादा. तुझ्या पेशींबद्दल बोलायला आलेय.

दादा : बोल की. माझे कान काय इस्त्रीत अडकलेत? एवढा एक अभ्रा होऊ दे.

वहिनी : नणंदबाई भर दुपारी प्रयोगशाळा सोडून आल्यात, म्हणजे काहीतरी आहे. ठेवा हो. बोटं बघा, सकाळपासून कशी टम्म सुजलीत.

दादा : बोटांचं रोजचंच आहे. बोल गं.

चिमी : मी चुकले.

दादा : कशात?

चिमी : तुझ्या पेशी चिडलेल्या आहेत असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते ना, ते कदाचित खरं नाही.

वहिनी : थांब, थांब. त्याच भरवशावर तर यांना नवीन औषधाच्या चाचणीत घेतायत. जुन्या गोळ्या उद्यापासून बंद करायच्यात.

चिमी : म्हणून तर धावत आले.

दादा : मला नीट सांग. लाँड्रीवाल्याला कळेल असं.

चिमी : परत पहिल्यापासून?

दादा : पहिल्यापासून. मागच्या वेळी मी नुसती मान डोलावली होती.

चिमी : बरं. सांध्यांना सूज कोण आणतं? रक्तातल्या पांढऱ्या पेशी. आपले पहारेकरी. जंतू आला की तुटून पडायचं, काम झालं की गप्प व्हायचं. तुझे पहारेकरी गप्पच होत नाहीत. सांध्यात ठिय्या देऊन बसलेत.

वहिनी : आणि घरच्यांनाच बदडतायत.

चिमी : हं. आता प्रत्येक पेशीत एक जागा असते, तिथे प्रथिनांच्या घड्या पडतात. घडी नीट बसली तरच ते प्रथिन कामाचं.

दादा : म्हणजे आत लाँड्रीच आहे की.

चिमी : तसंच धर. काम झेपेनासं झालं की बिनघडीचा ढीग साचतो. पेशीवर ताण येतो, आत धोक्याची घंटा वाजायला लागते. आणि ती वाजत राहिली की पहारेकरी जास्तच पिसाळतो. थांब म्हटलं तरी थांबत नाही.

दादा : सगळ्या लॉजच्या चादरी एकाच दिवशी आल्या की मी येणाऱ्याजाणाऱ्यावर खेकसतो, तसं.

वहिनी : एकाच दिवशी? रोज म्हणा.

चिमी : नवीन औषध तो ताण हलका करतं. पण ज्यांच्या पेशींवर खरंच ताण आहे त्यांनाच ते द्यायचं. तुझ्या पेशींत घंटा ठणाणा वाजत होती. माझ्या निरोगी पेशी शांत होत्या. म्हणून तुझं नाव घेतलं.

दादा : मग चुकलं कुठे?

चिमी : माझं रक्त मी प्रयोगशाळेत काढलं. तुझं इथे, मागच्या खोलीत.

वहिनी : यांना तिथले जिने चढवत नाहीत म्हणून तूच आलीस की. मायेने आलीस.

चिमी : मायेनेच घात केला, वहिनी. इथे वाफ, उकाडा. रक्त तापेल म्हणून मी डब्यात थंड पिशव्या घातल्या. मग स्कूटरवरून खड्ड्याखड्ड्यांतून नेलं. तिकडे पोचल्यावर एकदम उबेच्या पेटीत. गरम, गार, परत गरम, वर हादरे. एवढं झाल्यावर कुठलीही पेशी बिथरणार.

दादा : हे तुला कधी कळलं?

चिमी : मनात शंका होतीच. म्हणून परवा इथे येऊन माझंच रक्त काढलं.

वहिनी : चादरींच्या गठ्ठ्यावर बसून. मला वाटलं, डोकं फिरलं हिचं.

चिमी : ते त्याच डब्यातून, त्याच रस्त्याने नेलं. आज सकाळी बघितलं. माझ्याही पेशी तुझ्यासारख्याच पिसाळलेल्या.

(दादा इस्त्रीचं बटण बंद करतो. वाफेचा आवाज थांबतो.)

दादा : म्हणजे मला तो ताण नाहीच?

चिमी : असेल, नसेल. मी जे मोजलं त्यातून कळत नाही, एवढंच.

वहिनी : कुणाला सांगितलंस हे?

चिमी : अजून नाही.

वहिनी : मग नको ना सांगू. असेलही म्हणतेस ना? घेऊन तर बघू देत. गावभरचे शर्ट कडक करून देणारा हा माणूस, आणि यांच्या शर्टाची बटणं गेल्या हिवाळ्यापासून मी लावते, चिमे. तेव्हा यांच्या डोळ्यांत पाणी येतं, मी न बघितल्यासारखं करते. मला हे औषध हवंय.

चिमी : मलाही हवंय. गप्प बसावं, असं सकाळपासून दहादा मनात आलं. पण ताण नसताना औषध दिलं, तर नीट काम करणाऱ्या पहारेकऱ्यांचेच हात बांधल्यासारखं होईल. साधा खोकलासुद्धा छातीत उतरेल. आणि जुन्या गोळ्याही बंद.

दादा : शिवाय ज्याला ते लागू पडलं असतं, तो माझ्यामुळे चाचणीबाहेर.

वहिनी : तुम्हाला जगाची काळजी.

दादा : जगाची नाही गं. मला भीती वाटते. धड हे नाही, धड ते नाही, असं लटकायची. जुन्या गोळ्यांवर निदान इस्त्री तरी धरता येते.

वहिनी : भीती मलाही वाटते. म्हणून तर बोलून गेले.

दादा : मग खरं काय ते कसं कळेल, चिमे?

चिमी : तू उद्या तिकडे प्रयोगशाळेत यायचंस. तिथेच रक्त काढायचं, तिथेच लगेच तपासायचं. माझंही त्याच खुर्चीत बसून. आमच्या प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना मी आजच सांगते. निकाल येईपर्यंत तुझ्या गोळ्या चालू राहतील.

दादा : लिफ्ट?

चिमी : नेहमीसारखी बंद.

दादा : चढेन. बसत बसत चढेन.

चिमी : वर आल्यावर लगेच सुई नाही. दम जाईपर्यंत, अंग निवेपर्यंत नुसतं बसायचं. मोबाइल नाही, कामाचं बोलणं नाही.

वहिनी : यांना नुसतं बसवून दाखव. तुझ्या सगळ्या शोधांपेक्षा मोठं काम होईल ते.

दादा : आणि तरीही मी त्या औषधाचा नाही, असंच निघालं तर?

चिमी : तर दुसरं काहीतरी शोधू. तुझी बोटं मी अशी सोडून देणार नाही.

दादा : ते तेव्हा बघू. सकाळपासून काही खाल्लंस?

चिमी : नाही.

वहिनी : चल आत, पान वाढते. अहो, पण उद्या लॉजच्या चादरी येतील. त्यांना काय सांगायचं?

दादा : शेजारच्याला सांगून ठेव, आणि तूही चल. चादरी आल्या तर म्हणावं, दोघं नुसती बसायला गेलीयत.