अंगण खरंच वाकडं होतं

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील संचालक मंडळी, आजचे सत्कारमूर्ती आमचे सर, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या बाई, आणि समोर जमलेल्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मला थोडक्यात बोलायला सांगितलंय. थोडक्यात बोलणं हा माझा गुण नव्हे, हे माझ्या सासरी कुणालाही विचारा. पण आज सर निवृत्त होतायत आणि त्यांच्याबरोबर ही प्रयोगशाळाही बंद होतेय. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

आपण इथे चोरी शिकवतो असं ज्या पाहुण्यांना अजून वाटतं, त्यांच्यासाठी सांगते. सर एखाद्या संगणकात मुद्दाम एक फट ठेवतात आणि विद्यार्थ्याने ती शोधून आत शिरायचं असतं. चोर कुठून येईल हे कळल्याशिवाय कुलूप कुठे लावायचं ते कसं कळणार? ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात माणूस दिवसदिवस त्या काळ्या पडद्यासमोर बसतो आणि काही म्हणजे काही हलत नाही.

अशा वेळी काय करायचं, याची इथे एक रीत होती. उत्तर मागायचं नाही. उठायचं, कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपासमोर उभं राहायचं आणि काय काय करून बघितलं ते त्याला मोठ्याने सांगायचं. हसताय काय? तुमच्यातला प्रत्येक जण त्या पिंपाशी बोललाय. सांगता सांगता मध्येच जीभ अडखळते, अरे, हे तर आपण बघितलंच नाही, आणि माणूस पाणी न पिताच जागेवर पळतो. मी अशीच शिकले. घरी पिंप नव्हतं, तेव्हा माझे धाकटे दीर समोर बसायचे. आम्ही दोघांनी एकदमच इथे नाव घातलं होतं. मी हात टेकले की ते म्हणायचे, "वहिनी, रडू नंतर. आधी सांगा, काय करून बघितलंत?" माझं निम्मं शिक्षण स्वयंपाकघरात भावजींसमोर झालंय. ते माझ्यापेक्षा कितीतरी हुशार होते, हे मी सौजन्य म्हणून बोलत नाहीये.

सरांचा दुसरा नियमही तुम्हाला पाठ आहे. मशीनला दोष द्यायचा नाही. कुणी म्हणालंच की सर, हे मशीन बिघडलंय वाटतं, तर सर चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं. सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचे.

शेवटच्या परीक्षेला चिठ्ठी काढावी लागायची. मला निघाली 'शेजारीण', भावजींना निघाली 'म्हातारी'. ही मशीनची टोपणनावं आहेत, बाई, गैरसमज नको. शेजारणीने मला रडवलं, पण शेवटी दार उघडलं. म्हातारी काही बधली नाही. भावजी पिंपाशी बोलले, भिंतीशी बोलले, माझ्याशी बोलले. शेवटी सरांकडे गेले आणि म्हणाले, "सर, इथे फटच नाहीये. हे दार बंद आहे." सर काय म्हणाले ते तुम्हाला माहीत आहे. आधीच्या तुकड्यांनी म्हातारी सोडवली होती, मग ह्यालाच कशी जमत नाही? अहवालात भावजींनी लिहिलं, या मशीनमध्ये शिरता येत नाही. शून्य मिळालं. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली नाही. घरातल्या संगणकावर टॉवेल टाकला आणि पडद्यांच्या दुकानात नोकरी धरली. मी मात्र इथेच सरांच्या हाताखाली शिकवायला लागले. जेवताना आम्ही हवापाण्यावर बोलायचो.

आता मशीनं खोक्यात भरायची म्हणून गेल्या आठवड्यात मी एकेक उघडून तपासत होते. म्हातारीपाशी आले आणि हात थांबला. फट नव्हती. कधीतरी एका दुपारी नवा प्रिंटर जोडायला सरांनी तिला इंटरनेटची वायर लावली होती. तेवढ्यात बयेने स्वतःला अपडेट करून घेतलं. मुद्दाम ठेवलेली फट बुजली, आणि पुढे म्हातारी निघालेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्या बुजलेल्या मशीनचीच प्रत मिळत गेली. अपडेट टाळू नका, हा इथला पहिला धडा. आमच्या म्हातारीने तो अगदी मनावर घेतला होता.

मी सरांना दाखवलं. त्यांनी दोनदा तपासलं, मग खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मला तिथे उभं राहून हे सांगता येणार नाही. तू सांग. आणि गोड करून सांगू नकोस." सर, तुमचा शब्द मी पाळतेय. मला तुमचा राग आला होता, अजूनही आहे, आणि मला जे काही येतं ते तुमच्यामुळेच येतं. या दोन्हींचं काय करायचं ते मला कळत नाही.

पण सांगायचं तरी कुणाला? या सभागृहात बसलेले आपण सगळे पास झालेले. आपल्याला दुसऱ्या चिठ्ठ्या निघाल्या, किंवा आपण त्या दुपारच्या आधी आलो. ज्यांना म्हातारी निघाली, ते आपल्याला हे जमणारच नाही असं मानून निघून गेले. त्यांना निमंत्रण पाठवायला आपल्याकडे आता पत्तेसुद्धा नाहीत. अडकलेल्या माणसाला कसं सोडवायचं, हे आपण इतकी वर्षं शिकवलं. जो अडकलेलाच नव्हता, त्याला कसं सोडवायचं?

एकाला मात्र मला सांगता आलं. काल दुकानात फोन केला. भावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मी बरोबर लिहिलं होतं?"

म्हटलं, "हो, भावजी. अगदी बरोबर."

"बरं," म्हणाले. आणि पुढे, "आता त्याचं काय करू, वहिनी? गिऱ्हाईक उभं आहे, ठेवतो."

उद्या तरी या म्हटलं होतं. तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची धरून ठेवली होती, अजून रिकामीच आहे. कुणाला मागे उभं राहावं लागत असेल तर बसून घ्या.

अध्यक्ष महोदयांनी मला बोलू दिलं आणि आपण सगळ्यांनी ऐकून घेतलं, याबद्दल मी आभारी आहे. सर, बाई, तब्येतीला जपा. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सरांचंही पोटात घाला, असं म्हणायचं फार मनात होतं. पण ते म्हणायचा हक्क माझा नाही आणि तुमचाही नाही. ज्याचा आहे, तो आत्ता कुणालातरी पडदे दाखवत असेल.