घासलेला गवा

...नाही, मला एक सांगा, मळाला किंमत असते का हो? मळाला! तंबाखूच्या डबीत जन्मभर कुजलेल्या काळ्याकुट्ट मळाला... असते म्हणे! आणि तो काढणाऱ्याला? शून्य! अडतीस वर्षं मी, क्लेटन युट्झी, गावच्या शाळेत सफाईचं काम केलं, बाकांखालचे च्युइंगमचे गोळे खरवडले, दाराच्या पितळी मुठी अशा घासल्या की हेडमास्तर त्यात बघून टाय नीट करायचे, आणि आता या वयात एक भिंगवाला मला चारचौघांत विचारतो, "घासायला सांगितलं कोणी होतं?" तुम्हाला सांगतो, या देशात घासणाऱ्याला किंमत नाही!

तर ते नाणं. पाच सेंटचं, निकेल. एका बाजूला आमच्याकडच्या रेड इंडियन माणसाचं तोंड, दुसऱ्या बाजूला गवा. तसले गवे आमच्या नेब्रास्कात कुठल्याही म्हातारीच्या बटणांच्या डब्यात सापडतील, पण आमचा गवा तीन पायांचा! पुढचा एक पाय गायब. एकोणीसशे सदतीस सालचा. बियाण्याच्या दुकानात वडिलांना सुट्ट्या पैशांत मिळाला, आणि त्या माणसानं जन्मात जपून ठेवलेली वस्तू ती एवढीच. जाताना मला म्हणाले, "क्लेटन, अडीनडीला वीक. तोवर त्याला हात लावू नकोस." मी लावला का हात? अजिबात नाही! घासतानासुद्धा रबरी हातमोजे घातले होते!

आता विकायचं कशाला, तर समुद्रासाठी. लग्नात मी अर्डिसला म्हणालो होतो, तुला समुद्र दाखवीन. त्याला झाली एक्कावन्न वर्षं. आमच्याकडे समुद्र नाही, मका आहे. वारा सुटला की मका हलतो, बिचारीनं इतकी वर्षं त्यावर भागवलं. यंदा गुडघा कुरकुरायला लागला तशी म्हणाली, "क्लेट, आत्ता गेलो तर गेलो, नाहीतर राहिलंच बघ." मी म्हटलं, गवा काढू! बाई तडक उठली आणि उन्हाची टोपी घेऊन आली. एवढी मोठी! चर्चला घालून गेली तर मागच्या तीन रांगांना पाद्री दिसेना!

मार्चमध्ये आमच्या आगबंबवाल्यांच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरतो. आदल्या दिवशी गव्याची ती तंबाखूची डबी उघडली... बघवेना हो! पोराला चर्चला न्यायचं आणि तोंड न धुता? सोडा घेतला, लिंबू घेतलं, जुना टूथब्रश घेतला, आणि शेवटचा हात तारेच्या घासणीनं. अर्डिस दारातून ओरडतेय, "अरे पुरे, उरलेले पायही जातील त्याचे!" ऐकतो कोण? असा लखलखला म्हणता!

दुसऱ्या दिवशी ग्रोव्हर प्रुइट नावाच्या व्यापाऱ्यापुढे ठेवला. ओमाहाचा माणूस, डोळ्याला भिंग. त्यानं नाणं बघितलं, मला बघितलं, पुन्हा नाणं बघितलं, आणि चेहरा असा केला, जसं काही मी त्याची मांजर धुऊन पिळून आणलीय! "अरेरे... युट्झीसाहेब, हा खरा आहे हो. अस्सल तीन पायांचा." म्हटलं, मग रडताय कशाला? "कातडी सोललीत त्याची! मूळ रंग गेला, नुसते ओरखडे! जसा होता तसा आणला असता, तर मी तुम्हाला..." आणि आकडा सांगितला. अर्डिसनं टोपी काढून मांडीवर घेतली. समुद्र होता हो त्या आकड्यात, जाऊन-येऊन, वर कोळंबी! "आणि आता?" "आता पाचवा हिस्सा. तोही तुमच्या वयाकडे बघून."

मी म्हटलं, बरं बाबा, एवढं तरी सांग, याचा चौथा पाय गेला कुठे? तर हा खुलला! "तीच तर मजा आहे! टांकसाळीत नाणी पाडायचा ठसा खराब झाला होता. तिथल्या कामगारानं तो घासला, जरा जास्तच घासला, आणि पायच पुसला गेला. म्हणून तर एवढी किंमत!"

ऐकलंत? ऐकलंत ना? त्यानं घासून अख्खा पाय उडवला तर ती दुर्मीळ चीज, आणि मी पाय सगळे शाबूत ठेवून नुसता मळ काढला तर मी खाटीक? ओरडलो हो मी, भर हॉलमध्ये ओरडलो, "अरे, तो माझाच भाऊबंद होता!" घासणाऱ्याला किंमत नाही... म्हणजे आहे, पण सरकारी पगारावर घासलं तरच! आणि मी काय खासगी होतो? शाळा काय माझ्या बापाची होती?

परत येताना अर्डिस गाडीत मांडीवरच्या टोपीची कड नुसती सरळ करत बसली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या प्रुइटचा राग, टांकसाळीचा राग, पण खरं सांगू? सगळ्यात जास्त राग माझ्या या दोन हातांचा आला.

गवा विकून आलेल्या पैशातून तिनं काय आणावं? भांडी घासायचं मशीन! म्हणाली, "या घरात यापुढे तू काहीही घासायचं नाहीस." आता जेवण झालं की ती मशीन सुरू करते, समोर खुर्ची ओढून बसते, डोक्यावर ती टोपी. आत पाणी सळसळतं, आपटतं, मागे सरतं. परवा डोळे मिटून म्हणाली, "क्लेट, समुद्राचा आवाज असाच असेल ना रे?" म्हटलं, असेल.

मशीनच्या दारावर तिच्या बोटांचे ठसे उमटलेत, पाचही, लोण्याचे. माझे हात कसे शिवशिवतात! फडकंसुद्धा खिशात आहे... पण नाही पुसत. राहू दे. न जाणो, पुढेमागे त्यालाच किंमत यायची!