पोटामागचा तुकडा

कलेजी नको हो, चांदपाशाभाऊ — गुर्दाबी नको, ते ठेवा बाजूला. मला बकऱ्याच्या पोटामागचं ते पाहिजे. आडवं असतं बघा, फिक्कट, जिभेवाणी — स्वादुपिंड. तुमच्या घरच्या कमरबीभाभी म्हणल्या, आमच्यात त्याला लबलबा म्हणतात. फेकूनच देता ना ते? मंग मला द्या की! हसू नका. माह्या बेबीनंदासाठी पाहिजे. अकरा वर्षांची पोर — त्या बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून जगवली हिला, आन् आता खाऊन खाऊन वाळून राह्यली. कशानं? त्या पिंडाचा रस आटला म्हणून. जालन्याच्या डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं मला — त्याचा एक रस अन्न पचवतो, दुसरा रगतात उतरतो. तो दुसरा नसला की खाल्लेली साखर अंगी लागत न्हाई, लघवीवाटं वाहून जाते. म्हणून रोज सुई. आन् सुईतलं औषध कशापासून करतात? जनावराच्या याच तुकड्यापासून! मंग मी म्हणलं —

काय? सुई काहून देत न्हाई? देत होते की. माठाखाली ओल्या फडक्यात जपली होती बाटली. परवा हातातून निसटली न् फुटली — जमीन चाटायचीच बाकी ठेवली मी! इथं अंबडच्या औषधाच्या दुकानात गेल्ते, तर म्हणे औरंगाबादहून येईल, सोमवारी. सोमवारपस्तोर पोरीनं काय करावं, सांगा ना!

मंग द्या जल्दी. शिजवून घालते, न्हाईतर कच्चंच वाटून पाजते. — आता मान काहून हलवता? ठाऊक हाये मला! डॉक्टर बोल्ले होते — तोंडानं घेतलं की ते पोटातच पचून जातं, काही गुण येत न्हाई. बराबर बोल्ले होते. पण थोडं तरी राहील ना? एवढंसं? तुमच्याबी लेकी हायेत, भाऊ...

न्हाई, घरी न्हाई ठेवली. ती काय, लिंबाखाली, बैलगाडीत — झोपलीय. काल सारखी ओकत होती, पाणी दे पाणी दे करत होती, श्वास भात्यावाणी, तोंडाला पिकल्या फळाचा वास... आता निवांत झोपलीय.

अहो, सुरी टाकून कुठं निघाले? दवाखान्यात? आत्ता? थांबा, तिला उठवू नका — न्हाई, उठवा. तुम्हीच हाक मारा, भाऊ. माही हाक सकाळपासून ऐकून न्हाई राह्यली ती.