झोळ्यांची शाळा

पाटसच्या स्टँडवर मी दौंडच्या एसटीची वाट बघत होतो. मागं दोघी बोलत होत्या.

“ऊसतोडीच्या पोरी शाळंत यायला लागल्या म्हणं?”

“व्हय. आधी कशा येणार? आई-बाप फडात आन् तान्हं भावंड पोरीच्या कडंवर.”

“मग?”

“आमच्या सासूबाईंनी शाळंच्या पडवीत जुन्या लुगड्यांच्या झोळ्या बांधल्या. दिवसभर झोके देत्यात.”

“सोजराबाईंनी? या वयात?”

“पोरी आत पाढे म्हणत्यात, तवर तान्ही गप झोपत्यात. पाढे थांबले की रडाया लागत्यात.”

“आन् मधल्या सुट्टीत?”

“तवा सासूबाईच पाढे म्हणत्यात.”

“अगं, पण त्यांना सही बी येत न्हाई!”

“न्हाईच येत. पण ऐकून ऐकून तेराच्या पाढ्यापातूर गेल्यात.”